वृत्तपत्र आणि त्याचा वाचक

सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा सौदागर प्रथम गिऱ्हाईक पारखतो, मग घोडा पुढे करतो. वृत्तपत्रांची रीतही निराळी नाही, असे आम्ही वर्गात मुलांस सांगत असू.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. कारण एतद्देशीय लोक आणि इंग्रज असे दोन्ही वाचक त्यांस हवे होते. १८७७ साली निघालेल्या कृष्णराव भालेकरांच्या ‘दीनबंधु’ने शेतकरी-कामकऱ्यांची गाऱ्हाणी वेशीवर मांडली. १९३२ साली अमेरिकेत शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ काढून मतप्रतिपादनापेक्षा बातमीस अग्रस्थान दिले व सामान्य वाचक जोडला.

परंतु पत्र ज्यास आपला वाचक मानीत नाही, त्याची दाद कोणी घ्यावी? १९२० साली डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नाही. ज्यांची गणना वाचकांत नाही, त्यांचे सुखदुःखही छापले जात नाही, हाच या इतिहासाचा धडा होय.

म्हणून समाजबांधवांस आमची नम्र विनंती आहे. घरी आलेले पत्र कोणासाठी लिहिले आहे, हे आधी पाहावे. या स्मरणिकेचा वाचक तर आपलाच समाज. तरी येथेही कोणाचे म्हणणे राहून गेले, हे आपल्या मुलामुलींनी निर्भयपणे विचारावे.