जनी कोणाची? मुलीच्या नावाशेजारी उभ्या राहिलेल्या नावांचा इतिहास

मराठी घरात मुलीचे नाव निवडता येते, मधले नाव निवडता येत नाही. ते आधीच ठरलेले असते: जन्मतः वडिलांचे, विवाहानंतर पतीचे. त्यामुळे बारशाच्या आधी घरोघरी जी जुळवाजुळव चालते ती उलट्या दिशेने. वडिलांच्या नावापुढे कोणते नाव कानाला गोड लागेल, याचाच विचार होतो. पण ही रीत अनादि नव्हे. तिचा माग काढायचा तर परभणी जिल्ह्यातील गंगाखेडाइतके योग्य स्थळ नाही.

गोदावरीकाठच्या या गावी तेराव्या शतकात जनाबाईंचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. पित्याचे नाव दमा, मातेचे करुंड. लहानपणीच त्या पंढरपुरास दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या पित्याच्या घरी आल्या आणि तेथेच दळण-कांडण, शेणी-पाणी करीत वाढल्या. (नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नर्सीही १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, हिंगोली वेगळा झाल्यावर ती तिकडे गेली. मालक आणि दासी एकाच जुन्या जिल्ह्याचे.)

जनाबाईंच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा येते; आजच्या भाषेत ती सहीच. जनाबाईंची सही कोणती? ‘दासी जनी’, ‘नामयाची दासी’, ‘नामयाची जनी’. आपल्या नावाशेजारी त्यांनी ना पित्याचे नाव ठेवले, ना पतीचे. तेथे उभे आहेत नामदेव, ज्यांच्या घरी त्या राबत होत्या आणि ज्यांना त्या गुरुस्थानी मानीत होत्या.

ही मुद्रा नम्रतेची की परिस्थितीची? केवळ भक्तीचा विनय म्हणून ती वाचणे सोपे आहे. पण ‘दासी’ हा शब्द त्यांच्या बाबतीत अलंकार नव्हता, तो त्यांचा रोजचा दिवस होता. मौज अशी की, ज्या शब्दाने समाज त्यांना खालच्या पायरीवर बसवीत होता, तोच शब्द त्यांनी स्वतःच्या रचनेवर मालकीहक्काचा शिक्का म्हणून उमटविला. त्या मुद्रेमुळेच रचना त्यांच्या नावे टिकल्या.

समकालीन स्त्रियांच्या सह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मुक्ताबाई केवळ ‘मुक्ताई’ म्हणून सही करतात. सोबत कोणी नाही. सोयराबाईंच्या अभंगांत मात्र ‘चोखियाची महारी’ असा उल्लेख येतो. त्यात पतीचे नाव आहे आणि जातही आहे. तिघींच्या तीन तऱ्हा. मधल्या नावाचा एकच ठरीव साचा तेव्हा नव्हता.

आणखी मागे, सातवाहन काळात गेल्यास चित्र अधिकच वेगळे दिसते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी: प्रतिष्ठानच्या या राजांच्या नावाआधी आई उभी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील प्रसिद्ध लेख आहे. लेण्याचे दान देणारी गौतमी बालश्री तेथे स्वतःची ओळख राजाची माता आणि राजाची आजी म्हणून देते. मात्र यावरून मातृसत्तेचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ‘गौतमी’ हे तिचे व्यक्तिनाम नव्हे, ते गोत्रावरून आलेले नाव आहे. राजाच्या नावात आई आली, ती गोत्राचे लेबल लावूनच. ‘बालश्री’ हे तिचे खरे नाव मात्र तिच्या स्वतःच्या लेखातच उरले.

मग आजची रीत पक्की कोठे झाली? बरीचशी दप्तरात. जमिनीचा सारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरविताना कारकुनाला माणूस नेमका ओळखावा लागे. म्हणून पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वल्लद’ लिहून बापाचे नाव, आणि स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’, ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ लिहून नवऱ्याचे नाव. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थान गेले, तरी मराठवाड्याच्या सातबाऱ्यावर ‘भ्र.’ हे दोन टिंबांएवढे अक्षर टिकून राहिले. संस्कृतातील ‘भर्तृ’ एवढा आखूड झाला आणि तेवढ्याने बाईची ओळख पुरी झाली.

एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित घरांत तर पहिले नावही बदलले जाई. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या ‘यमुना’. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई ‘आनंदीबाई’ झाल्या. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरी उरे.

या बदलाची किंमत भावनेपुरती नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने सहदायाद मानले. केंद्राचा तसा कायदा २००५ मध्ये आला. पण हक्क मागायला आलेल्या लेकीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असते. सातबाऱ्यावरच्या बापाची मुलगी आणि समोर उभी असलेली बाई एकच, हे सिद्ध करण्यासाठी तिला शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्र असे कागद गोळा करावे लागतात. भावाला यातले काहीच लागत नाही.

११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असेल. म्हणजे आज गंगाखेडात जन्मणाऱ्या मुलीच्या नावाला तीन नावांशी जुळावे लागते. दोन अक्षरी नाव आता बरे वाटेल, कारण ओळ लांबते. आईचे नाव मध्ये आल्याने यमकही नव्याने तपासावे लागते.

विवाहित स्त्रीची नोंद मात्र पूर्वीप्रमाणेच ठेवली आहे: तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तिला आहे. ती वापरायची की नाही, हे तिने ठरवायचे. पंढरपुराजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवितात. ते पाहायला आलेल्या बायका ‘हे जनीचं जातं’ एवढेच म्हणतात.