हौशी शर्यतपटूची दुसरी मोटार

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास सांगताना बहुधा जगज्जेत्यांची नावे आणि वेगाचे उच्चांक सांगितले जातात. परंतु या खेळाला आणखी एक इतिहास आहे. आठवडाभर कचेरीत, दवाखान्यात किंवा कारखान्यात काम करावयाचे, सुटीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने शर्यतीत उतरावयाचे, आणि बक्षीस मिळालेच तर त्यातून टायरांचाही खर्च निघावयाचा नाही, अशा हौशी चालकांचा हा इतिहास आहे. त्यांच्यापुढे नेहमी एक व्यावहारिक प्रश्न उभा असतो. रोजच्या वापरातील गाडीच शर्यतीत पळवावी, की केवळ शर्यतीसाठी दुसरी गाडी विकत घ्यावी? वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा आणि खिशाचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर घडविण्यात कायदा, कर आणि स्पर्धेचे नियम यांचा वाटा फार मोठा आहे.

प्रारंभी असा प्रश्नच नव्हता. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची जी शर्यत झाली, तीत धावलेल्या गाड्या त्या काळी रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्याच होत्या. एमिल लव्हासोर याने सुमारे १,१७८ किलोमीटरचे ते अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापले आणि तो सर्वांच्या पुष्कळ आधी परतला. तरीही पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही. कारण त्याची गाडी दोन आसनांची होती आणि बक्षीस चार आसनांच्या गाडीसाठी राखून ठेवलेले होते. माणसे नेण्यास उपयोगी पडेल तीच खरी मोटार, अशी संयोजकांची दृष्टी होती. वेगासाठी वेगळे वाहन असू शकते, ही कल्पना अद्याप नियमांत शिरली नव्हती.

पुढील आठ वर्षांत वेग मात्र झपाट्याने वाढला. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद ही शर्यत सुरू झाली, तेव्हा आघाडीच्या गाडीने बोर्दोपर्यंत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक सरासरी गाठली. रस्ते मात्र बैलगाड्यांचे, घोडागाड्यांचे आणि पादचाऱ्यांचेच होते. धुळीच्या लोटात पुढचे वळण दिसेना, आणि प्रेक्षक रस्त्याच्या मध्यापर्यंत येऊन उभे राहिले. चालक आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. प्रख्यात कारखानदार लुई रनो याचा भाऊ मार्सेल हा या शर्यतीत प्राणांतिक जखमी झाला. फ्रेंच सरकारने बोर्दो येथेच शर्यत थांबविली. ज्या गाड्या आदल्या दिवशी युरोपभर गाजत होत्या, त्या घोड्यांनी ओढत स्टेशनवर नेऊन आगगाडीने पॅरिसला परत पाठविण्यात आल्या.

सार्वजनिक रस्ता आणि शर्यत यांची फारकत येथून खऱ्या अर्थाने सुरू झाली. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारीला ताशी वीस मैलांची मर्यादा घातली होती. तिथल्या कारखानदारांना आपल्या गाड्यांचा वेग अजमावण्यासही जागा नव्हती. तेव्हा ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने सरे परगण्यातील आपल्या जमिनीवर स्वखर्चाने ब्रुकलँड्स येथे सुमारे पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा धावमार्ग बांधला. १९०७ साली तो खुला झाला. केवळ मोटारींसाठी बांधलेला तो पहिलाच बंदिस्त धावमार्ग मानतात. त्याची रुंदी शंभर फूट होती, आणि वळणांवर त्याची कड जवळजवळ तीस फूट उंच उचललेली होती. शर्यतीला आता स्वतःचे घर मिळाले.

घर मिळाले तरी हौशी चालकाला वेगळी गाडी परवडावी कशी? श्रीमंतांची गोष्ट निराळी. त्यांच्या पागेत घोडे असत तशा मोटारीही असत. मध्यम वर्गातील हौशी मात्र एकाच गाडीवर दोन्ही कामे भागवी. शर्यतीच्या दिवशी पहाटे घरून निघावे, मैदानावर पोचल्यावर चिखलपंखे आणि पुढचे दिवे काढून ठेवावे, समोरची काच आडवी पाडावी, बाजूस क्रमांक लावावा, आणि शर्यत संपली की सर्व वस्तू पूर्ववत बसवून संध्याकाळी घरी परतावे, असा परिपाठ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९४९ या काळात एमजी टीसी या छोट्या गाड्या सुमारे दहा हजार तयार झाल्या. त्यांपैकी कित्येकींचे आयुष्य अशाच दुहेरी नोकरीत गेले.

या दुहेरी नोकरीत एक मोठी अडचण होती. सोमवारी ज्या गाडीने कामावर जावयाचे, ती रविवारी शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणताना हात आखडतो. नेहमीचा विमा शर्यतीतील नुकसान भरून देत नाही. शिवाय शर्यतीला जे लागते तेच रस्त्यावर त्रासाचे ठरते. ताठर स्प्रिंगांमुळे खड्ड्यांतून प्रवास नकोसा होतो. मऊ रबराचा टायर वळणावर चिकटून राहतो, पण थोड्याच मैलांत झिजून जातो. पुढील काळात चालकाच्या रक्षणासाठी जो पोलादी नळ्यांचा पिंजरा आला, तो शिरस्त्राण घातलेल्याला जीवदान देतो. परंतु बाजारात निघालेल्या, उघड्या डोक्याच्या माणसाला किरकोळ अपघातात तोच पिंजरा कपाळमोक्षाचे कारण होऊ शकतो. एकाच गाडीत दोन्ही धर्म सांभाळणे दिवसेंदिवस अशक्य होत गेले.

या पेचातून वाट काढण्यास एका अगदी साध्या गाडीचे साहाय्य झाले. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवरचा वार्षिक कर दर अश्वशक्तीस एक पौंड या हिशेबाने आकारला जाई. त्यामुळे लहान इंजिनाच्या गाडीला मागणी आली. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी ‘ऑस्टिन सेव्हन’ बाजारात आणली, आणि थोड्याच दिवसांत तिला ७४७ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. १९३९ पर्यंत या गाड्या जवळजवळ तीन लाख निघाल्या. साहजिकच पुढे त्या जुन्या बाजारात मुबलक आणि स्वस्त झाल्या. १९३९ साली स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने महायुद्धानंतर याच गाडीच्या भागांवर आधारलेल्या शर्यती सुरू केल्या. जुनी ऑस्टिन घ्यावी, तिचा वरचा सांगाडा उतरवावा, हलके पत्रे चढवावेत आणि मैदानात उतरावे. हौशीची दुसरी मोटार भंगाराच्या वाड्यातून निघाली, असे म्हणावयास हरकत नाही.

या नियमांचे मर्म त्यांनी घातलेल्या मर्यादेत होते. सर्वांचे इंजिन एकाच कुळातले असल्यामुळे पैसेवाल्याला मोठे इंजिन विकत घेऊन पुढे जाता येत नसे. उरे ती बुद्धी आणि हातांची कारागिरी. लंडन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेल्या कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून आपली पहिली गाडी बनविली. १९५१ च्या मोसमासाठी त्याने जी तिसरी गाडी तयार केली, तिने प्रतिस्पर्ध्यांना हतबल केले. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरांना इंधनमिश्रण आत घेण्याच्या वाटा दोनच होत्या. दोन-दोन सिलिंडरांना एक वाट सामायिक. चॅपमनने त्या वाटांत पडदा घालून चार स्वतंत्र वाटा केल्या आणि इंजिनाचा जोर वाढविला. नियमात हे निषिद्ध नव्हते. पुढे मात्र नियम बदलून ही युक्ती बंद करण्यात आली. चतुराईचे कौतुक करावयाचे, पण तिच्यामुळे इतरांचा खर्च वाढू लागला तर ती थांबवावयाची, ही हौशी शर्यतींच्या कारभाराची रीत त्या एका प्रसंगात दिसून येते.

चॅपमनने १९५२ मध्ये लोटस हा कारखाना रीतसर सुरू केला, आणि १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ आणली. येथे पुन्हा कर मदतीला आला. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदीकर होता. सुट्या भागांवर तो पडत नसे. म्हणून गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकली जाई आणि गिऱ्हाईक ती आपल्या घरी जोडून घेई. करात बचत झाली, आणि आपली गाडी आतून कशी आहे हे मालकाला पुरते ठाऊक झाले. १९७३ साली खरेदीकर जाऊन त्याची जागा मूल्यवर्धित करप्रणालीने घेतली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याकडे दिले. त्या गाडीची वंशपरंपरा अद्याप चालू आहे.

अटलांटिकपलीकडे हीच कथा थोड्या निराळ्या क्रमाने घडली. अमेरिकेत हौशी चालकांचा ‘स्पोर्ट्स कार क्लब’ १९४४ साली निघाला होता. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या लहानशा गावात, गावाच्याच रस्त्यांवर, ६.६ मैलांच्या फेऱ्यांची शर्यत झाली. योगायोग असा की, नेमक्या त्याच दिवशी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथील लष्करी विमानतळाच्या जागेवर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत भरली होती. इंग्लंडने पडीक धावपट्ट्यांचा आश्रय घेतला होता. अमेरिकेतील हौशी मंडळी अजून गावरस्त्यावर होती. १९५२ साली वॉटकिन्स ग्लेनमध्ये एका गाडीचा प्रेक्षकांना धक्का लागून सात वर्षांचा एक मुलगा दगावला. फ्रान्सने १९०३ मध्ये शिकलेला धडा या गावाला आपल्या अंगणात शिकावा लागला. शर्यत गावाबाहेर गेली, आणि १९५६ मध्ये तिथे स्वतंत्र धावमार्ग बांधण्यात आला.

धावमार्ग निराळा झाल्यावर गाडीही निराळी होणे क्रमप्राप्त होते. आणि पुन्हा आधार सापडला तो जनसामान्यांच्या गाडीचाच. १९६३ साली अमेरिकन क्लबाने ‘फॉर्म्युला व्ही’ हा वर्ग मान्य केला. त्यात फोक्सवॅगन बीटलचे १,२०० घनसेंटिमीटरचे इंजिन, गिअरपेटी आणि पुढचा आस वापरून एकासनी शर्यतीची गाडी करावयाची असे. पुढे १९८९ मध्ये निघालेल्या माझ्दा मियाटा या दोन आसनी गाडीला हेच भाग्य लाभले. तिच्यासाठी निराळा वर्ग निघाला. स्प्रिंगा, चाके, टायर ठरवून दिलेले, आणि जादा जोराच्या इंजिनाची हवा आवळून त्याला इतरांच्या बरोबरीस आणलेले.

अशा वर्गात उतरू इच्छिणाऱ्याने गाडी स्वतः घडवावी की तयार गाडी विकत घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींचा कौल बहुधा एकच असतो. दुसऱ्याने घडविलेली, मैदानात धावलेली जुनी गाडी घेणे स्वस्त पडते. कारण पिंजरा, आसन, पट्टे, अग्निशामक नळी यांवर पहिल्या मालकाने केलेला खर्च विक्रीच्या वेळी पूर्ण वसूल होत नाही. पण अशी गाडी घेताना रंगापेक्षा कागद पाहावा लागतो. अमेरिकन क्लबाच्या पद्धतीत प्रत्येक गाडीची नोंदवही असते. तपासनीस तीत गाडीची तपासणी आणि अपघात नोंदवितात. सावकाराने सातबारा वाचावा त्या बारकाईने खरेदीदाराने ती वही वाचावयाची. रक्षणाच्या पट्ट्यांनाही मुदत असते. मुदत सरलेले पट्टे नवे दिसले तरी तपासनीस ते नाकारतो. खरेदीची किंमत ही तर खर्चाची पहिलीच पायरी. टायर, ब्रेक, इंधन, प्रवेशशुल्क आणि गाडी वाहून नेणारा ट्रेलर यांचा खर्च दर मोसमात पुन्हा उभा राहतो. म्हणून जाणकार सांगतात की, एका दुपारीत भंगार झाली तरी ज्या गाडीपायी घरची चूल विझणार नाही, तीच गाडी घ्यावी.

भारतातील हौशी शर्यतींनाही पहिला आसरा दिला तो महायुद्धातील धावपट्ट्यांनीच. मद्रासजवळील शोलावरमच्या धावपट्टीवर १९५० नंतरच्या दशकात शर्यती भरू लागल्या, आणि मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने त्या जोपासल्या. परदेशी गाडी आणणे आयातनिर्बंधांमुळे दुरापास्त होते. तेव्हा देशात मिळणाऱ्या गाड्यांनाच शर्यतीचे रूप द्यावे लागे. मुंबईला कुर्ल्यात तयार होणारी फियाट टॅक्सीच्या रांगेत उभी असे. तिचीच भावंडे शोलावरमला धावत. पुढे १९९० साली इरुंगाट्टुकोट्टई येथे त्याच क्लबाचा कायमचा धावमार्ग सुरू झाला. त्याच सुमारास कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे भाग वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकासनी गाडी घडविली. ऑस्टिन आणि बीटल यांच्यानंतर याच मार्गाने जाणारी ही भारतीय लोकांची गाडी. त्याच कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला मारुतीतून पुढे आला, आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय चालक ठरला.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे अगर तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. तसे असणे योग्यच आहे. परंतु मोठ्या शहरांच्या पुलांवर आणि बाह्यवळण रस्त्यांवर रात्री-अपरात्री तरुण पैजा लावतात, आणि त्यात अनेकदा वाटसरूंचाही बळी जातो. बंदी घालणाऱ्या इंग्लंडला ब्रुकलँड्सही लागले, आणि ब्रुकलँड्समध्ये मध्यम वर्गाला शिरता यावे म्हणून जुनी ऑस्टिन लागली. देशात धावमार्ग अजून मोजकेच आहेत, आणि बहुतेक तरुणांच्या घरापासून ते शेकडो मैल दूर आहेत. तिथवर पोचविणारी, बेताच्या किमतीची, नियमांनी बांधलेली दुसरी मोटार किती जणांच्या आवाक्यात येते, यावर पुलावरची गर्दी किती ओसरेल हे बऱ्याच अंशी अवलंबून राहील.