झोपाळा, परसातील

झोपाळा, परसातील : घराच्या अंगणात किंवा परसात मुलांच्या खेळासाठी आडव्या तुळईला अथवा झाडाच्या फांदीला दोन दोरांनी किंवा साखळ्यांनी टांगलेला, पुढे-मागे झुलणारा झोका. महाराष्ट्रात झोपाळ्याचे दोन जुने प्रकार आहेत. कोकणातल्या ओटीवर किंवा माजघरात कड्यांना टांगलेला रुंद फळीचा झोपाळा आणि विदर्भातली बंगई ही घरातल्या बैठकीची जागा. ती संथ हलते आणि तिच्यावर मोठी माणसेही बसतात. दुसरा प्रकार नागपंचमीचा. श्रावण शुद्ध पंचमीच्या सुमारास वड, चिंच, लिंब अशा झाडांना लांब दोर टाकून उंच झोके बांधले जातात आणि सण सरला की ते उतरवले जातात. परसातील मुलांचा झोपाळा या दोहोंहून वेगळा आहे. तो नागपंचमीच्या झोक्यासारखा जोरात झुलतो, पण बंगईसारखा वर्षानुवर्षे जागेवर असतो आणि त्यावर बसणारे मूल अनेकदा चार-पाच वर्षांचे असते. म्हणून त्याची जागा, बांधणी आणि देखभाल यांचा वेगळा विचार करावा लागतो.

झोपाळा घेताना बहुतेक पालक दोर तुटेल का, एवढीच चौकशी करतात. ती करायलाच हवी. पण दोर तुटून होणाऱ्या अपघातांपेक्षा झोक्यावरून पडून आणि हलत्या झोक्यासमोर येऊन होणाऱ्या दुखापती अधिक असतात. तेव्हा आधी जागा, मग जमीन आणि त्यानंतर झोपाळा हाच निवडीचा योग्य क्रम होय.

झोक्याचा जोर : झोका हा लंबक आहे. 2 मीटर लांबीच्या दोरावर बसलेले मूल उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत वर गेले, तर तळाशी येताना त्याचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर होतो. समोरून धावत आलेल्या भावंडाला बैठकीची कड याच वेगाने लागते. त्याच क्षणी दोरांवर मुलाच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो, आणि दोर आडवा होईपर्यंत, म्हणजे 90 अंशांपर्यंत, झोका चढला तर तो तिप्पट होतो. प्रत्येकी 40 किलोच्या दोन मुली फळीवर उभ्या राहून एवढा झोका चढवू लागल्या, तर टांगणीवर 240 किलोंचा भार येईल. तोही स्थिर नसतो, हिसक्यांनी येतो. त्यामुळे ‘मी स्वतः लोंबकळून पाहिले, काही झाले नाही’ ही नेहमीची कसोटी अपुरी ठरते. टांगणीचा प्रत्येक भाग अपेक्षित वजनाच्या किमान पाच-सहापट भार पेलणारा असावा.

जागा : अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने क्रीडांगणांसाठी 1981 मध्ये मार्गदर्शिका काढली आणि पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा केल्या. त्यातला झोक्याविषयीचा नियम सोपा आहे. टांगणीबिंदूची उंची जितकी, तिच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढेच मागे मोकळे हवे. बाजूंना सुमारे 1.8 मीटर. तुळई 2.1 मीटर उंच असेल, तर पुढे-मागे मिळून 8.4 मीटर जागा लागते. शहरातल्या बंगल्याभोवतीच्या चार-पाच फुटी पट्टीत ती मिळणे शक्य नाही, आणि तिथे झोपाळा बसवण्याचा हट्ट सोडावा हेच बरे. तुळई खाली आणली की अंतरही कमी होते. लहान मुलांना 1.6-1.8 मीटर उंचीचा झोका पुरेसा आनंद देतो.

या मोकळ्या पट्ट्यात कुंपण, तुळशीवृंदावन, पाण्याची टाकी, कपडे वाळवण्याची तार यांपैकी काही नसावे. विहिरीजवळ झोपाळा बांधूच नये. वरून विजेची तार जात असेल तर जागा बदलावी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झोपाळा दिसावा, पण घराच्या दारातून बाहेर धावणाऱ्या मुलाची वाट झोक्यासमोरून जाऊ नये.

जमीन : आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथे. अंगणात शहाबादी फरशी किंवा काँक्रीट असते, त्यावरच लोखंडी झोपाळा ठेवला जातो. चोपलेला मुरूम आणि उन्हाळ्यातली वाळून टणक झालेली माती यांनीही डोक्याला तितकीच गंभीर इजा होऊ शकते. गवत सुरुवातीला मऊ वाटते, पण झोक्याखाली पाय घासून थोड्याच दिवसांत तिथे उघडी, घट्ट जमीन तयार होते.

पडण्याची उंची टांगणीबिंदूपासून मोजतात, बैठकीपासून नव्हे. वरील मार्गदर्शिकेनुसार दबून बसलेला 23 सेंटिमीटर जाडीचा लाकडी सालीचा भुगा सुमारे 2.1 मीटर उंचीपर्यंत पुरतो. तेवढ्याच जाडीची वाळू मात्र फक्त 1.2 मीटरपर्यंत पुरेशी मानली आहे, म्हणजे नेहमीच्या झोपाळ्याखाली वाळूचा खड्डा पुरेसा आहे असे समजू नये. वाळूच वापरायची तर ती धुतलेली, गोल कणांची असावी. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये दगडाची बारीक भुकटी असते; ती भिजून वाळली की थर आवळून टणक होतो. कोणतेही सुटे भरण वापराने दबते, म्हणून ते सुरुवातीला 30 सेंटिमीटरपर्यंत भरावे. महाराष्ट्रातल्या पावसात लाकडी भुगा लवकर कुजतो, त्याला वाळवी लागते आणि ओल्या भुग्यात विंचू दडतात. तळाशी खडीचा निचरा आणि वर्षाकाठी नवे भरण यांची तयारी हवी. रबरी फरश्या टिकतात, पण उन्हात भाजतात. त्या घेताना किती उंचीच्या पडण्यासाठी तपासल्या आहेत, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पातळ, शोभेच्या फरश्या बाजारात पुष्कळ मिळतात.

चौकट आणि पाया : दोन्ही टोकांना उलट्या ‘व्ही’सारखे फाकलेले पाय आणि वर तुळई ही सर्वांत भरवशाची रचना. दोन सरळ खांबांवरची तुळई पुढे-मागे डोलते आणि तिचे सांधे ढिले होतात. स्थानिक फॅब्रिकेटरकडून चौकट करून घेताना जीआय पाइप मागावा आणि त्यावरचा रंगीत पट्टा पाहावा : भारतीय मानकानुसार पिवळा पट्टा हलक्या, निळा मध्यम आणि तांबडा जड वर्गाच्या पाइपवर असतो. 50 मिलिमीटरच्या मध्यम वर्गाच्या पाइपची जाडी 3.6 मिलिमीटर असते. घरगुती झोपाळ्यासाठी यापेक्षा हलका पाइप घेऊ नये. वेल्डिंग करताना जस्ताचा लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून सांध्यांवर झिंकचा प्रायमर लावून मगच रंग द्यावा. रंगाच्या डब्यावर शिशाविषयीचा उल्लेख पाहावा. घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात 2017 पासून लागू आहे; घरात उरलेला जुना डबा या कामाला काढू नये.

पाया मातीवर अवलंबून असतो. कोकणात जांभ्यात खणलेला 45 सेंटिमीटरचा खड्डा काँक्रीटने भरला की पाय घट्ट बसतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर्षभरात चौकट तिरकी करते. तिथे खाली मुरूम लागेपर्यंत खणावे. काँक्रीटचा माथा जमिनीच्या पातळीखाली ठेवून वर माती पसरावी, नाहीतर पडलेल्या मुलाचे डोके त्याच्याच कडेवर आपटते. लाकडी पाय थेट काँक्रीटमध्ये गाडल्यास पाणी साचून बुंधा कुजतो, मग लाकूड सागाचे असो वा आणखी कशाचे. त्याला लोखंडी बूट करून तो जमिनीच्या वर ठेवावा. अमेरिकेत स्थायिक मराठी कुटुंबांनी जुने घर घेतले असेल, तर परसातल्या जुन्या लाकडी झोपाळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेले लाकूड तिथे 2003 अखेरपर्यंत घरगुती कामांसाठी विकले जात होते.

झाडाची फांदी : चिंच, वड, लिंब यांच्या जाड, जिवंत, जवळपास आडव्या फांद्या चांगल्या. शेवगा, जांभूळ आणि गुलमोहर टाळावेत, त्यांच्या फांद्या पूर्वसूचना न देता मोडतात. आंब्यावर बांडगूळ असेल तर फांदी आतून कमजोर असू शकते. दोर फांदीवर घासून साल कापतो आणि दोरही झिजतो. मध्ये सायकलच्या टायरचा तुकडा किंवा जाड रबर घालावे.

दोर, साखळी, बैठक : काथ्याचा दोर पावसात कुजतो. बाजारातला चकचकीत रंगीत प्लॅस्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो आणि हात फिरवल्यावर भुकटी निघते. अशी भुकटी दिसली की दोर त्याच दिवशी बदलावा. गाठीमुळे दोराची ताकद पुष्कळ घटते, म्हणून पॉलिएस्टरचा दोर धातूच्या कड्यावर विणून बसवलेला असावा. साखळी अधिक टिकाऊ, मात्र तिच्यात बोटे व केस अडकतात. हात पोचतो तेवढ्या भागावर रबरी नळी चढवावी. एस आकाराचे हूक पूर्ण मिटवलेले हवेत. फट 1 मिलिमीटरहून अधिक असेल तर मुलाचे कपडे तिच्यात अडकू शकतात. बैठक लवचिक रबरी पट्ट्याची असावी. लाकडी फळी आपल्या सवयीची असली तरी तिची कड समोरच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर असते. अडीच-तीन वर्षांखालील मुलांना चारी बाजूंनी बंद, पायांसाठी भोके असलेली बैठकच हवी. एका चौकटीत दोनच झोके ठेवावेत. मधला तिसरा झोका गाठायला मुलाला दोन हलत्या झोक्यांमधून जावे लागते. जोडीला शिडी वा कठडा असेल, तर त्यातल्या 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटी धोक्याच्या : शरीर आरपार जाते, डोके अडकते.

साडी किंवा ओढणीचा झोका मुलांच्या खेळासाठी कधीही बांधू नये. मूल गोल फिरले की कापडाला पीळ पडतो आणि तो गळ्याभोवती आवळतो. मुले अशा झोक्यात दगावल्याच्या बातम्या भारतात वारंवार येतात. तान्ह्या बाळाच्या झोळीत मोठे भावंड गंमत म्हणून शिरते, तेव्हाही हेच घडू शकते. झोक्यावर बसताना ओढणी, गळ्यातला गोफ, नाडीची टोपी आणि सायकलचे हेल्मेट काढून ठेवायला मुलांना शिकवावे.

तयार झोपाळे : भारतात खेळण्यांसाठी 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. घरगुती झोपाळे आणि घसरगुंड्या यांसाठी आयएस 9873 या मानकाचा चौथा भाग आहे. खरेदी करताना चिन्ह, वजनाची मर्यादा आणि सुटे भाग मिळण्याची सोय पाहावी. विकत घेतलेली हलकी चौकटही जमिनीत जखडावी लागते, अन्यथा मोठे मूल झुलू लागताच तिचे मागचे पाय उचलले जातात.

देखभाल : वर्षातून दोन तपासण्या चुकवू नयेत, एक मे महिन्याच्या अखेरीस आणि दुसरी पावसाळा संपल्यावर. पाइप जमिनीत शिरतो तिथे माती बाजूला करून हातोडीने हलके ठोकावे. बोदा आवाज आला किंवा पापुद्रा निघाला, तर वरून रंग मारून भागत नाही, पाय बदलावा लागतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ही वेळ फार लवकर येते. लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. पाइपची उघडी तोंडे टोपणांनी बंद करावीत, कारण त्यांतून पाणी शिरते आणि गांधीलमाश्या घर करतात. हूक व कड्या एकमेकांवर घासून बारीक होतात. मूळ जाडीचा चौथा भाग झिजला की नवीन बसवाव्यात. नट महिन्यातून एकदा आवळावेत, बाहेर आलेले बोल्टचे टोक कापून त्यावर टोपी चढवावी. झोक्याखालचे भरण पायांनी बाजूला सरते आणि नेमका मधोमध खळगा पडतो. दर आठवड्याला दाताळ्याने ते परत ओढावे. वाळूचा खड्डा रात्री ताडपत्रीने झाकावा, कारण मांजरे तिथे घाण करतात. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मेमध्ये दुपारी धातूचा भाग हात लावून पाहिल्याशिवाय मुलाला बसू देऊ नये. विजा चमकत असताना झोपाळा बंद, झाडाखालचा तर नक्कीच. कुटुंब बरेच दिवस गावाला जात असेल तर दोर उतरवून घरात ठेवावेत, कारण रिकाम्या परसातला टांगता झोका शेजारची मुलेही वापरतात आणि तेव्हा पाहायला कोणी नसते.