खरेदीखतातील माणसे



एकदा इतिहासाच्या तासाला मलिक अंबरची हकिकत सांगत होतो. हबशी मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, सुमारे १५४८ साली जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसविले आणि १६२६ मध्ये तो वारला. हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्याला विकला तेव्हा पावती झाली असेल का? आणि पावतीवर त्याचं नाव असेल का?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर होय.

मलिक अंबरपुरते उत्तर थोडेफार मिळते. पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला भेटला होता. मोखा बंदरात तो वीस डुकाटांना विकला गेला होता, असे या व्यापाऱ्याने लिहून ठेवले. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव चापू होते, हेही आपणास ठाऊक आहे. पण हे कशामुळे ठाऊक आहे? तो मोठा झाला म्हणून. त्याच बाजारात जे इतर विकले गेले आणि मोठे झाले नाहीत, त्यांचा शोध कोठे घ्यावयाचा?

मालकाच्या दप्तरात गुलामाचा माग

ज्याच्या मालकीचे काहीच नाही, जो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तो माणूस आपले दप्तर मागे ठेवीत नाही. त्याचा माग मालकाच्या दप्तरातच लागतो. मालकाला खरेदीचा पुरावा हवा असतो, कर्जासाठी तारण दाखवावे लागते, भावाभावांत वाटणी करावी लागते. अशा प्रत्येक वेळी कागद होतो, आणि त्या कागदावर जमीन, गुरे, भांडी यांच्या ओळीत माणूसही लिहिला जातो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे वंशज आज याच रीतीने पूर्वजांचा शोध घेतात. तेथे प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत खरेदीखते, गहाणखते आणि मृत्युपत्रे नोंदलेली असतात. तेथील १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहीत. त्याच्याखाली गुलामाचे वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण एवढेच मांडीत. नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी नाही. १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० च्या शिरगणतीत ही माणसे सर्वत्र नावानिशी नोंदली गेली. म्हणून शोध घेणारा प्रथम १८७० ची नोंद पाहतो, मग त्या परिसरातील जुना मालक शोधतो आणि मग त्या मालकाची खरेदीखते व वाटणीपत्रे चाळतो. आजीच्या आजीचे नाव अखेर सापडते ते तिच्या किमतीशेजारी. हा आनंदाचा क्षण की दुःखाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपण म्हणाल, हे परदेशातले झाले. आपल्याकडे असे कागद आहेत काय? आहेत.

पनुती नावाची मुलगी

गुजरातेत जुन्या काळी कारकुनांसाठी दस्तऐवजांचे नमुने एकत्र करून ठेवीत. असा एक संस्कृत संग्रह 'लेखपद्धति' या नावाने १९२५ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. त्यात दासीच्या विक्रीचा एक नमुना आहे. त्यावर विक्रम संवत १२८८ हे साल आहे, म्हणजे इ.स. १२३१-३२. विकली गेलेली मुलगी सोळा वर्षांची, वर्णाने गोरी, नाव पनुती. एका राण्याने महाराष्ट्र देशावर धाड घातली, तेव्हा तिला पकडून आणले होते. चव्हाट्यावर, चार लोकांदेखत, तिची विक्री झाली.

पुढे तिच्या कामांची यादी येते. झाडलोट करणे, सारवणे, पाणी व सरपण आणणे, घाण काढणे, गाय दोहणे, ताक घुसळणे, ते शेतावर पोचविणे, निंदणी करणे, गवत कापणे. शेवटी एक अट आहे. छळाला कंटाळून तिने विहिरीत वगैरे जीव दिला, तर त्याचे पाप मालकाला लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ही अट दोनदा वाचा. लिहिणाऱ्याने ती मालकाच्या बचावासाठी घातली. पण तिने मालकाविरुद्धच साक्ष दिली आहे. दासी विहिरीत जीव देतात हे त्या काळी इतके माहीत होते, की नमुन्याच्या कागदातच त्याची तरतूद करून ठेवली होती. हा कागद कारकुनांना कित्ता म्हणून ठेवलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण कित्ता गिरविला जातो तो व्यवहार वारंवार होत असतो म्हणूनच.

ती कोणत्या गावची, तिचा बाप कोण, हे त्या कागदात नाही. खरेदीदाराला त्याची गरज नव्हती. परंतु नंदुरबारच्या मुलखात राहणाऱ्या आपणाला हा कागद परका वाटू नये. गुजरात आणि खानदेश यांमधली तापीच्या खोऱ्याची वाट आपल्याच मुलखातून जाते.

पेशवे दप्तरातील कुणबिणी

मराठेशाहीच्या कागदांत हीच माणसे बटीक, कुणबीण, दासी, पोरगा अशा शब्दांनी येतात. येथे कुणबीण म्हणजे कुणबी जातीची बाई नव्हे, तर विकत घेतलेली किंवा पकडून आणलेली दासी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. नाहीतर मोठा घोटाळा होतो. पुण्याचे पेशवे दप्तर, त्यातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास संपादून काढलेले ४५ खंड आणि ग. चि. वाड यांनी निवडलेल्या रोजनिश्या यांत अशा नोंदी विखुरलेल्या आहेत.

या नोंदींत स्त्रियांची संख्या मोठी आहे. किल्ले, कोठ्या, पागा, गुरांच्या थट्ट्या अशा सरकारी कारखान्यांकडे त्या कामास असत. दळण, चारा, बांधकामावरची ओझी, सारे त्यांच्या माथी. सरदार-सावकारांच्या घरी त्या पाणी भरीत, आणि मुलीच्या लग्नात आंदण म्हणूनही दिल्या जात. काही युद्धात पकडलेल्या, काही दुष्काळात विकल्या गेलेल्या. आणि बदकर्माचा आरोप येऊन शिक्षा म्हणून दासी झालेल्या बायकांच्याही नोंदी आहेत. दासीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला लेकावळा म्हणत. आईची पायरी मुलालाही चिकटे. पळून गेलेल्या बटकीस धरून आणण्याची पत्रे आहेत. वार्धक्यामुळे किंवा मोबदला घेऊन सोडून दिल्याचेही दाखले आहेत.

असा कागद हाती आला तर कसा वाचावा? मी माझ्या विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावयास सांगतो. हा कागद कोणी आणि कशासाठी केला? त्यात त्या माणसाबद्दल काय लिहिले आहे: वय, जात, काम, किंमत? काय लिहिलेले नाही: बापाचे नाव, गाव, भाषा? आणि जे लिहिलेले नाही ते दुसऱ्या कोणत्या कागदात सापडू शकेल? पळून गेल्याची तक्रार ही मालकाच्या दृष्टीने नुकसानीची नोंद. आपल्या दृष्टीने तो त्या बाईने घेतलेला निर्णय आहे. तिने स्वतःहून केलेली ती कदाचित एकच गोष्ट कागदावर उरली आहे.

आपल्या वाटेवरचा दुष्काळ

आता अगदी आपल्या जिल्ह्याकडे वळू. १६३० मध्ये गुजरात व दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून आग्र्यास निघाला, तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, बुऱ्हाणपूर या वाटेने. रस्त्यात पडलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने केले आहे. आईबाप आपली मुले काही पेन्यांना विकत होते, इतकेच नव्हे तर निदान जगतील म्हणून फुकट देऊन टाकीत होते, हेही त्याने नोंदले आहे. त्या मुलांचे पुढे काय झाले असेल, याचा विचार आपण पालक म्हणून करावा.

सातपुड्यापलीकडे माळव्यात काय चालले होते, ते सर जॉन माल्कम यांच्या १८२३ च्या ग्रंथावरून कळते. तेथील गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांची होती, असे ते लिहितात.

दोष कोणाचा?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. असा विषय निघाला की आपण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. पनुतीला पकडणारे व विकत घेणारे हिंदू होते. चापूला विकत घेणारे मुसलमान होते. अमेरिकेतील मळेवाले ख्रिस्ती होते. गुलामास मुक्त करणे हे मोठे पुण्य, असे आपला धर्म शिकवितो. हजरत बिलाल यांना हजरत अबू बक्र यांनी विकत घेऊन मुक्त केले, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. तरीही मुसलमान बादशहांच्या व अमीरांच्या वाड्यांत शतकानुशतके गुलाम होते. शिकवण आणि वागणूक यांतील हे अंतर आपण लपवू नये.

दुसरीकडे, रोखणारेही सर्वत्र झाले. अकबर बादशहाने १५६२ मध्ये युद्धातील पराभूतांच्या बायकामुलांना गुलाम करण्यास मनाई केली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटक स्वारीच्या वेळी डचांना दिलेल्या कौलात, आपल्या अमलाखालील मुलखात गुलामांची खरेदी-विक्री चालणार नाही, असे बजावले. पण एका हुकमाने बाजार बंद होत नाही, हे पुढच्या शतकातील दप्तरच सांगते.

इंग्रजी अमलात १८४३ चा पाचवा कायदा झाला. कोणत्याही सरकारी अंमलदाराने कोर्टाच्या हुकुमनाम्यासाठी वा सरकारी देण्यासाठी माणूस विकू नये. माणसावरील मालकी हक्क कोणत्याही कोर्टाने मानू नये. एखाद्याची मिळकत तो गुलाम आहे किंवा होता म्हणून काढून घेऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलाम म्हटल्या जाणाऱ्या माणसाविरुद्धही गुन्हाच. या चार कलमांनी माणूस मिळकतीच्या यादीतून कायद्याने बाहेर काढला. कायद्याने, असे मुद्दाम म्हणतो.

सालदारकीची चिठ्ठी

कारण विक्री बंद झाली तरी उचल बंद झाली नाही. आपल्या शहादे-तळोदे-नंदुरबार टापूत सालदार हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही. वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणे ही काही गुलामगिरी नव्हे. तो करार आहे. परंतु लग्नासाठी वा आजारपणासाठी घेतलेली उचल फिटत नाही, व्याज चढत जाते, बापाच्या मागे मुलगा त्याच गोठ्यात येतो; तेव्हा करार संपतो आणि वेठ सुरू होते. भिल्ल व इतर आदिवासी बांधवांची जमीन गहाणखतांतून गेली, आणि त्याच जमिनीवर ते राबू लागले. हा इतिहास फेरफार नोंदींत वाचावयास मिळतो.

याविरुद्ध याच भूमीत आवाज उठला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला. अंबरसिंग सुरतवंती यांचे नाव आजही येथे आदराने घेतात. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा १९७५ चा कायदा झाला. १९७६ च्या कायद्याने देशभर वेठबिगारी नष्ट केली. असे कर्ज रद्द झाले आणि त्यापायी गहाण पडलेली मिळकत मोकळी करण्याची तरतूद झाली.

वाचकहो, यातील काही कागद आपल्याच घरांत आहेत. कोणाच्या पेटीत आजोबांनी अंगठा उठविलेली चिठ्ठी असेल, तर कोणाच्या कपाटात आजोबांनी दुसऱ्याचा अंगठा घेतलेली वही असेल. आपल्या समाजात दोन्ही प्रकारची घरे आहेत. पहिल्या घराला लाज वाटते म्हणून, आणि दुसऱ्याला अडचण वाटते म्हणून, हे कागद चुलीत जातात. जुनी माणसे जातात, कागद जातात, आणि मग नातवाला वाटते की आपले घर कोठून सुरू झाले हे सांगणारे काहीच नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. असा कागद सापडला तर जाळू नका. मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्यास दाखवा. सातबारा, फेरफार, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेच्या जुन्या रजिस्टरातील आजोबांचे नाव, यांच्या नकला काढून ठेवा. मुलांना म्हाताऱ्या माणसांजवळ बसवा. कोणाच्या शेतात कोण राबत होते, किती वर्षे, किती उचलीवर, हे त्यांना वहीत लिहून घेऊ द्या. लिहिताना मालकाचे नाव आधी न घालता राबणाऱ्याचे घाला. त्याच्या बापाचे, आईचे आणि गावाचे नाव विचारा. जे रकाने जुन्या खतांत रिकामे राहिले, ते आपल्या मुलांच्या हाताने भरले जावेत.

त्या विद्यार्थ्याला मी आता सांगू शकतो. होय, पावती झाली असेल, आणि तिच्यावर किंमत नक्की असेल. नाव असेलच असे नाही. आपण शाळेत लिहा-वाचायला शिकतो ते ज्या अनेक कारणांसाठी, त्यांपैकी हे एक समजावे, की कोणाचेही नाव यापुढे तसे राहून जाऊ नये. एवढे सांगून आपली रजा घेतो.