बेतानं खाणाऱ्या बाया

१८८९ साली हॅम्बुर्गच्या लुडविग प्रोखोव्हनिक नावाच्या डॉक्टरनं गरोदर बायांसाठी एक पथ्य सुचवलं. शेवटचे काही आठवडे पाणी कमी, गोड आणि पिठूळ कमी. हेतू एवढाच, की बाळ लहान राहावं. युरोपातल्या कारखान्यांच्या शहरांत, अंधाऱ्या खोल्यांत वाढलेल्या गरीब मुलींना तेव्हा मुडदूस व्हायचा. कंबरेची हाडं वाकडी, अरुंद राहायची आणि बाळंतपणात त्या अडायच्या. सिझेरियन म्हणजे जिवाशी खेळ. थोडक्यात, लहानपणी ऊन आणि अन्न मिळालं नाही, म्हणून आता गरोदरपणीही कमी खा!

माझ्या आजीनं हॅम्बुर्गचं नावही ऐकलं नव्हतं. पण "पोटुशीनं बेतानं खावं, मूल मोठं झालं की बाई अडते," हे तीही सांगायची. मला हा अडाणीपणा वाटत नाही. दवाखाना डोंगरापलीकडे असेल तर हा सरळ जिवाचा हिशोब आहे. (त्यात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या सुनेची एक भाकरी वाचते, हेही आलंच.)

पुढे डॉक्टरांनी वजन रोखण्याचा हा सल्ला धडधाकट बायांनाही दिला. अमेरिकेत तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास चालला. १९७० साली तिथल्या तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं, सरासरी ११ किलो वाढू द्या. १९९० मध्ये त्यात सुधारणा झाली : मुळातच बारीक असलेल्या बाईचं वजन जास्त वाढायला हवं, साडेबारा ते अठरा किलो.

आपल्याकडे किती बाया अशा बारीक? १९९३ ते १९९६ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी बायांची वजनं दिवस जाण्याआधीच घेतली. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो तो याचसाठी, कारण एरवी कार्डावर पहिला आकडा पडतो तो दिवस गेल्यावर. इथे सरासरी निघाली ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. ज्यांच्या वाट्याला शेतातली आणि घरातली कष्टाची कामं जास्त, त्यांची बाळं आणखी लहान. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा, त्यांची मोठी.

बाळंतपणानंतर डिंकाचे, अळिवाचे लाडू असतात, पण ते ऐपत असलेल्या घरात. मजुरीवर जगणारी बाई बाळाला अंगावर पाजत खुरपणीला परतते. नऊ महिन्यांत थोडंफार अंगाला लागलेलं असतं, तेही उतरतं आणि पुढची खेप तिथूनच सुरू होते.

२०१५ साली डायन कॉफी या संशोधिकेनं देशभरच्या आकडेवारीवरून अंदाज मांडला : भारतात दिवस जाण्याआधी सुमारे ४२ टक्के बायांचं वजन कमी असतं, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साडेसोळा टक्के. आपल्याकडे गरोदरपणात वाढ होते जेमतेम सात किलो. त्यामुळे नऊ महिने भरलेल्या भारतीय बाईचं सरासरी वजन तिथल्या बाईच्या दिवस जाण्याआधीच्या वजनापेक्षाही कमी भरतं.