दौऱ्याचं शेपूट

भारतीय भूमीवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला तो २५ नोव्हेंबर १९८१ रोजी, अहमदाबादला, इंग्लंडविरुद्ध. तोवर भारतीय संघ असे पंचवीस सामने खेळून चुकला होता आणि ते पंचवीसच्या पंचवीस परमुलखात. जिंकलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. घरच्या प्रेक्षकाला आपला संघ झटपट क्रिकेट कसा खेळतो हे ठाऊक होतं ते पेपरातल्या धावफलकावरून, आणि तो धावफलक बहुतेकदा वाचवत नसे.

याचं कारण समजायला फार खोलात शिरावं लागत नाही. कसोटी सामन्याला पाच दिवस मैदान भरत होतं, मग एका दिवसाच्या खेळाची घाई कोणाला असणार? देशांतर्गत मर्यादित षटकांचं क्रिकेट १९७३-७४च्या मोसमात सुरू झालं. त्या स्पर्धेला पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांचं नाव दिलं गेलं, हे मराठी वाचकाला सुखावणारं. पण पाच विभागीय संघ आणि बाद पद्धत, म्हणजे अख्ख्या मोसमात सामने चार. एवढ्या सरावाच्या जोरावर १९७४ साली अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला.

दौरा अर्थातच कसोट्यांचा होता. तीन कसोट्या झाल्या की शेवटी दोन एकदिवसीय सामने, हे त्याचं शेपूट. शेपटापर्यंत पोचेतो संघाची पार दशा झाली होती. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सतरा षटकांत ४२ धावांत सगळे बाद, मालिकेत ३-० असा सपाटा. तिकडे इंदूरमध्ये १९७१च्या विजयांच्या आठवणीसाठी उभारलेल्या सिमेंटच्या बॅटला लोकांनी काळं फासलं. तीनच वर्षांपूर्वी ज्या कर्णधाराची मिरवणूक निघाली होती, त्याच्याच नावाने आता शिमगा चालला होता.

अशा मनःस्थितीत १३ जुलै १९७४ रोजी लीड्सच्या हेडिंग्लीवर भारताचा पहिला एकदिवसीय सामना झाला. पंचावन्न षटकांचा डाव, पांढरे कपडे, लाल चेंडू. अकरा जणांत गावसकर, सुधीर नाईक, वाडेकर, फारूख इंजिनिअर आणि एकनाथ सोलकर हे पाच मुंबईचे. त्यातल्या इंजिनिअरला हा प्रकार पुरता पाठ होता. लँकेशायरने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षं जिलेट कप जिंकला, तेव्हा यष्टींमागे तोच होता. बाकीच्या बहुतेकांसाठी सगळं नवखंच. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात भारतासाठी पहिला चौकार मारला तो नाईकांनी. पुढे वानखेडेच्या खेळपट्टीची देखभाल त्यांच्याकडे आली आणि २०११च्या विश्वचषकाची अंतिम लढत त्यांनीच तयार केलेल्या खेळपट्टीवर झाली.

गंमत म्हणजे त्या दिवशी भारत वाईट खेळलाच नाही. वाडेकरांनी ६७ केल्या, ब्रिजेश पटेलने ८२ कुटल्या आणि संघाच्या २६५ झाल्या. त्या काळात ही धावसंख्या भक्कमच मानली जाई. पण जॉन एड्रिचने ९० धावा करून तिच्यातली हवा काढली आणि इंग्लंडने चार गडी राखून सामना घेतला. ओव्हलवरचा दुसरा सामना तर भारताने १७१ धावांतच घालवला. वाडेकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. मायदेशी परतल्यावर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. एकदिवसीय कारकीर्द: सामने दोन, धावा ७३.

पुढच्या वर्षीच्या विश्वचषकातली गावसकरांची १७४ चेंडूंतली नाबाद ३६ सगळ्यांना पाठ आहे, तिचं दळण पुन्हा दळायला नको. त्याच स्पर्धेतला बिशनसिंग बेदींचा एक आकडा मात्र कोणी फारसा काढत नाही. पूर्व आफ्रिकेविरुद्ध बारा षटकं, आठ निर्धाव, सहा धावा, एक बळी. हेडिंग्लीवरचा तो सामना दहा गडी राखून जिंकला आणि भारताचं एकदिवसीय विजयाचं खातं उघडलं.

याच बेदींच्या वाट्याला १९७८चा पाकिस्तान दौरा आला. सतरा वर्षांनंतर दोन्ही देश समोरासमोर येत होते. इथेही एकदिवसीय सामने कसोट्यांच्या आगेमागे कोंबलेले. क्वेट्ट्याला भारत चार धावांनी जिंकला. हरयाणाचा कपिल देव नावाचा पोरगा त्याच दिवशी पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. सियालकोटला भारत ७९ धावांत गारद झाला. बरोबरी झाली आणि ३ नोव्हेंबरला साहिवालला निकालाचा सामना ठरला.

पाकिस्तानच्या चाळीस षटकांत २०५. भारताच्या ३७.४ षटकांत २ बाद १८३. अंशुमन गायकवाड ७८ वर खेळत होते, सोबतीला विश्वनाथ. चौदा चेंडूंत तेवीस धावा हव्या होत्या आणि आठ गडी हातात होते. त्याआधीचे लागोपाठ चार चेंडू सर्फराज नवाझने असे आपटले होते की ते फलंदाजाच्या डोक्यावरून, बॅटच्या आवाक्याबाहेरून निघून गेले. पंचांनी एकही वाइड दिला नाही. बेदींनी सरळ दोन्ही फलंदाजांना परत बोलावलं आणि सामना सोडून दिला. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमध्ये असं प्रथमच घडत होतं. बेदींचा संताप रास्त होता. पण खरा दोष नियमांकडे जातो. कसोटीत डोक्यावरून गेलेला चेंडू नुसता वाया जातो, इथे तो धावांइतकाच मोलाचा. हा हिशेब नियमात उतरायला पुढे बराच काळ गेला.

१९८०-८१ला ऑस्ट्रेलियात चित्र पालटलं. यजमान, न्यूझीलंड आणि भारत अशी तिरंगी स्पर्धा, भारताच्या वाट्याला एका दौऱ्यात दहा सामने. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, सिडनीला विजेच्या झोतात खेळ. मेलबर्नला शिवाजी पार्कच्या संदीप पाटीलने पदार्पणातच ६४ धावा केल्या, भारताने ऑस्ट्रेलियाला ६६ धावांनी हरवलं आणि सामनावीराचं बक्षीस पाटीलच घेऊन गेला. अंतिम फेरी हुकली ती हुकलीच, पण रोजच्या रोज पाठलाग आणि बचाव करत राहिल्याने जे अंगवळणी पडतं, ते कुठल्या शिबिरात मिळालं नसतं.

त्याचं फळ दिसलं गयानामध्ये. उसाच्या मळ्यांचा हा मुलूख, भारतातून करारावर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी भरलेला. २९ मार्च १९८३ रोजी बर्बिसमधल्या अल्बियनच्या मैदानावर गावसकरांनी ९० धावा केल्या, कपिलने अवघ्या ३८ चेंडूंत ७२, आणि ४७ षटकांत भारताच्या ५ बाद २८२ झाल्या. वेस्ट इंडीजची मजल २५५ पर्यंतच गेली. मालिका भारताने २-१ अशी गमावली, त्यामुळे त्या विजयाचं फारसं कौतुक झालं नाही. पण जूनमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात भारताने याच संघाला ३४ धावांनी हरवलं. ‘चमत्कार’ म्हणून तो गाजला. बर्बिसचा धावफलक ज्यांनी नीट वाचला होता, त्यांनी तो शब्द वापरला नसता.

त्यानंतर गणित झपाट्याने फिरलं. १९८४चा शारजाचा आशिया चषक आणि १९८५ची ऑस्ट्रेलियातली जागतिक स्पर्धा हे कसोटीविना परदेशी दौरे, आणि दोन्हीकडून संघ करंडक घेऊन परतला. ऑस्ट्रेलियात पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे पन्नासपैकी एकोणपन्नास गडी बाद झाले, तेही बरेचसे फिरकीवर.

१९९४च्या न्यूझीलंड दौऱ्यात एकदिवसीय सामने चार आणि कसोटी एकच. व्यवस्थापक होते अजित वाडेकर. २७ मार्चला ऑकलंडमध्ये नवज्योत सिद्धूची मान आखडली आणि सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याचा हट्ट धरला. जमलं नाही तर पुन्हा विचारणार नाही, असं त्याने कबूल केलं. वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांनी होकार दिला. न्यूझीलंडच्या १४२ चा पाठलाग करताना सचिनने ४९ चेंडूंत ८२ फटकावल्या, त्यात पंधरा चौकार नि दोन षटकार.

चार वर्षांहून जास्त काळ मधल्या फळीत खेळून त्याच्या नावावर एकही एकदिवसीय शतक नव्हतं. सलामीला आल्यावर ते सप्टेंबरमध्ये कोलंबोला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध आलं, कारकिर्दीतल्या ७९व्या सामन्यात. श्रीलंकेच्या त्या वारीत चार देश होते, कसोटी एकही नव्हती.