न वाहणाऱ्या प्लास्टिकला वाहते करण्याची गोष्ट

अँटॉप हिलपासून जवळच असलेल्या धारावीत टाकाऊ प्लास्टिक निवडतात, धुतात, त्याचे तुकडे करतात आणि वितळवून पुन्हा दाणे पाडतात. तापवले की प्लास्टिक वाहते, म्हणून हे जमते. बेकेलाइट वाहत नाही, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, हे आपण वर्गात शिकवतो. टेफ्लॉनच्या साखळ्या मात्र सुट्या असतात. तरीही ते वाहत नाही. असे का?

६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी येथे ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांनी टेट्राफ्ल्युओरोएथिलीन वायूचे नळकांडे उघडले. वायू बाहेर येईना, पण वजन तर कमी झालेले नव्हते! नळकांडे कापले, तेव्हा आत पांढरी भुकटी सापडली. वायूचे रेणू जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. हेच टेफ्लॉन. आम्लांना ते दाद देत नव्हते.

अडचण होती ती घडवण्याची. ३२७° से.ला टेफ्लॉन वितळते, पारदर्शक होते. पण त्याची श्यानता मधाच्या सुमारे अब्ज पट असते. त्यामुळे भुकटी दाबून, विटेसारखी भाजून वस्तू कराव्या लागतात. साखळ्या आखूड केल्या तर ते वाहील. पण सरळ साखळ्या घट्ट रचल्या जाऊन पदार्थ ठिसूळ बनतो.

रसायनशास्त्रज्ञांनी मग साखळीत मधूनमधून अडथळे घातले. हेक्झाफ्ल्युओरोप्रोपिलीन मिसळल्याने साखळीला लहान फांद्या फुटल्या, घट्ट रचना मोडली आणि आखूड साखळ्याही चिवट राहिल्या. १९६० मध्ये आलेले हे एफईपी सुमारे २६०° से.ला वितळते आणि तारेवर सहज चढवता येते. पण किंमत मोजावी लागली : टेफ्लॉन २६०° से.पर्यंत सतत वापरता येते, एफईपी २००° से.पर्यंतच. १९७२ मध्ये आलेल्या पीएफएमध्ये ऑक्सिजनयुक्त फांद्या वापरून ही उणीव भरून काढली गेली.

मग धारावीतल्या साध्या यंत्रात एफईपीचे दाणे पाडता येतील का? नाही. इतक्या तापमानाला थोडे विघटन होऊन हायड्रोजन फ्ल्युओराइडसारखे विषारी, गंजवणारे वायू सुटतात. म्हणून यंत्राचे आतले भाग निकेलच्या मिश्रधातूंचे लागतात. वर्गातही ही प्लास्टिके कधीच तापवू नयेत.

पदार्थाचा गुण आणि तो घडवण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात हाती आली. दुसरीसाठी बावीस वर्षे लागली.